गार्ड उघडा असताना

“सकाळधरनं अकराव्यांदा बंद पडली ही. आता तुमी बघा हिच्याकडं, नायतर मी हातोडीच घालते,” सत्यभामा म्हणाली आणि तिनं हातमोजे काढून बाकावर आपटले.

काकासाहेब शेजूळ सहा नंबरच्या प्रेसच्या पॅनेलसमोर उकिडवे बसले. वय छप्पन. बसताना एक हात गुडघ्यावर टेकावा लागे. चिकलठाणा एमआयडीसीतल्या या कारखान्यात ते एकतीस वर्षं इलेक्ट्रिशियन होते. दुचाकींना लागणारे पत्र्याचे ब्रॅकेट इथं दाबून निघत. एका रांगेत आठ प्रेस होत्या. त्यातली सहा नंबरची सत्यभामा वाकळे चालवायची. पत्र्याचा तुकडा साच्यावर ठेवायचा, समोरचा जाळीचा गार्ड खाली ओढायचा, पायाखालचं पेडल दाबायचं. साठ टनांचा दणका बसला की गार्ड वर करून नग काढायचा. दिवसभर हेच. ती कंत्राटी होती. मशीन कशामुळंही थांबली तरी तासाचे नग तिच्याच नावावर कमी दिसत आणि सुपरवायझर सगळ्यांदेखत तिलाच झापत असे.

“कुठं दुखायलंय हिला एवढं?” तिनं विचारलं.

“सांगतो. जरा दम धर.”

काकासाहेबांनी मीटरच्या दोन पिना एकेका स्विचच्या दोन्ही बाजूंना टेकवल्या. लाल बटण, शून्य. मागचं दार, शून्य. पुढच्या गार्डच्या स्विचवर आकडा उभा राहिला : सात.

“ह्यो बघ चोर,” ते म्हणाले.

“मला काय कळतंय त्यातलं?”

“का नाय कळणार? स्लॅब टाकताना घमेली देतात एकमेकींच्या हातात, ते बघितलंस का कधी?”

“बघितलं? बीड बायपासला दोन वर्षं तेच केलंय मी.”

“मग तुला मी काय सांगावं! रांगेत एक बाई हळू असली तर काय होतं?”

“समद्याच हळू. पुढच्या मोकळ्या उभ्या राहत्यात आन् मागच्यांना थांबावं लागतं.”

“बराबर. करंटचं तसंच. एकामागं एक ओळीत जोडलं की समदीकडं तेवढाच करंट, इथं जास्त अन् तिथं कमी असं नाय. पण व्होल्टेज, म्हणजे जोर, तो वाटला जातो. ज्याचा अडथळा जास्त तो जोर जास्त खातो. इथून चोवीस व्होल्ट निघत्यात. समदे स्विच चांगले असते तर चोवीसच्या चोवीस त्या टोकाच्या रिलेला, म्हणजे मशीन चालू धरणाऱ्या खटक्याला, भेटले असते. ह्यो गार्डचा स्विच तेल जाऊन जाऊन आतून काळा पडलाय. सात ह्योच खायलाय. रिलेला उरले सतरा. सतरावर त्यो कसाबसा धरतो, प्रेसचा दणका बसला की सोडतो. त्यानं सोडलं की मशीन बंद.”

सत्यभामा खाली वाकून तो लहानसा स्विच बघत राहिली. “आन् एखादी बाई रांग सोडून निघूनच गेली तर?”

“तर घमेलं पुढं जातच नाय. म्हणून तर ह्ये समदं ओळीत जोडतात. लाल बटण दाब, मागचं दार उघड, नायतर तुझा गार्ड वर कर. एक जरी जागा तुटली तरी समदं मेलं. गार्ड उघडा हाय तवर पेडलवर नाचलीस तरी प्रेस खाली यायची नाय.”

“नक्की?”

“तूच बघ की.”

तिनं गार्ड वर केला आणि पेडलवर पाय दिला. काही झालं नाही. मग दोन्ही पाय देऊन ती खरोखरच पेडलवर उभी राहिली. प्रेस ढिम्म. त्या दिवशी पहिल्यांदा ती हसली.

काकासाहेबांनी स्विच उघडून घासला, पुसला, परत बसवला आणि नव्या स्विचसाठी स्टोअरला चिठ्ठी दिली. घासलेला स्विच चार दिवस टिकला.

पाचव्या दिवशी सत्यभामाची साप्ताहिक सुट्टी होती. तिच्या जागी दुसरी बाई होती आणि मशीन पुन्हा तसंच करत होती. गेटवर माल न्यायला ट्रक येऊन थांबला होता. प्रॉडक्शन मॅनेजर ऋतुराज साहेब स्वतः प्रेसपाशी आले. पस्तिशीचा माणूस, बोलताना नजर सतत फोनकडं.

“काका, काय प्रॉब्लेम आहे?”

“स्विच गेलाय, साहेब. चिठ्ठी दिलीय.”

“स्विच उद्या येईल. आज काय करायचं? बायपास करा.”

“गार्डचा हाय त्यो, साहेब.”

“मला माहितीये कशाचा आहे. आजच्या दिवसापुरतं करा. जबाबदारी माझी.” मग ऋतुराजनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. “तुम्ही इतके सीनियर आहात काका. तुम्हाला काय सांगायचं?”

वीतभर लाल वायर. स्विचच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. दोन स्क्रू सैल करायचे, दोन आवळायचे. काकासाहेबांना चार मिनिटं लागली. आता गार्ड उघडा असो की बंद, करंटला जायला वाट होती. रिलेला पूर्ण चोवीस मिळाले. मशीन दिवसभरात एकदाही थांबली नाही आणि ट्रक वेळेवर निघाला.

सुपरवायझरला त्यांनी सांगितलं. त्यानं मान हलवली. सत्यभामाला दुसऱ्या दिवशी सांगायचं होतं, पण त्या आठवड्यात तिची दुसरी पाळी लागली आणि काकासाहेब पहिल्या पाळीला. पुढच्या सोमवारी ती भेटली तेव्हा, “काका, मशीन अक्शी झकास केली बघा,” असं म्हणून तिनं डब्यातली शेंगदाण्याची चटणी त्यांच्या पोळीवर वाढली. तेव्हा त्यांना वाटलं, आज-उद्या स्विच येईलच, कशाला उगीच बाईला भिववायचं. स्विच आला नाही. त्यांनी दुसरी चिठ्ठी दिली. मग तिसरी. तिसऱ्या वेळी ते ऋतुराजच्या केबिनच्या दारात जाऊन उभे राहिले. “बघतो,” ऋतुराज म्हणाला. भिंतीवरच्या उत्पादनाच्या तक्त्यात सहा नंबरची प्रेस महिनाभर हिरव्या रंगात होती.

सात आठवडे गेले.

बुधवारी सकाळी साडेदहाला काकासाहेब कॉम्प्रेसरच्या खोलीत होते. किंकाळी त्यांनी ऐकलीच नाही. प्रेसशॉपचा एका लयीतला दणदणाट तुटत तुटत थांबला, आधी एक, मग दोन, मग सगळंच, तेव्हा ते धावले.

सहा नंबरचा गार्ड पूर्ण वर होता. लाल बटण शेजारच्या बाईनं दाबलं होतं. सत्यभामा खाली फरशीवर बसली होती, उजवं मनगट डाव्या हातानं घट्ट धरून. ती रडत नव्हती. सुपरवायझर ओढणी मागत होता, कुणीतरी पाणी आणायला पळत होतं. ती या सगळ्यांच्या मधून काकासाहेबांकडं बघत होती. त्या नजरेत अजून राग नव्हता. फक्त प्रश्न होता, आणि काकासाहेबांनी मान खाली घातली.

जेवणाच्या सुट्टीपर्यंत नोटीस लागली. ऑपरेटरने सुरक्षा नियमांचे उल्लंघन करून गार्ड उघडला, साच्यात हात घातला व त्याच वेळी पेडल दाबले. सर्वांनी काळजी घ्यावी.

काकासाहेबांनी ती नोटीस दोनदा वाचली. शब्द एकही खोटा नव्हता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते क्रांती चौकामागच्या दवाखान्यात गेले. सत्यभामाचा उजवा हात कोपरापर्यंत पट्टीत होता, उशीवर उंच ठेवलेला. तीन बोटं गेली होती. अंगठा आणि करंगळी राहिली होती. पलंगाशेजारी तिची आई लक्ष्मीबाई मोसंबी सोलत बसली होती.

“या, बसा,” म्हातारी म्हणाली.

“बसू नको देऊस त्यांना,” सत्यभामा म्हणाली.

लक्ष्मीबाईंचा हात थांबला. काकासाहेब उभेच राहिले.

“एक विचारते, काका. खरं सांगा. गार्ड उघडा होता. मी पुरा वर केला होता. नग तिरका फसला होता, म्हणून हात घातला. पाय पेडलवर होता, तो उचलला नाय मी, वाकताना दाबला गेला असंल. कशाला उचलू? तुमीच म्हणला होता ना, नाचलीस तरी यायची नाय. मग आली कशी खाली?”

“मी त्या स्विचवर वायर टाकली होती.”

“कवा?”

“सात आठवडे झाले.”

ती हे मनात मोजत असावी. मग म्हणाली, “म्हंजे सात आठवडे मी रोज तिच्या तोंडात हात घालायले आन् तुमी रोज माझ्या मशीनीपुढून चहाला जायले.”

“साहेबांनी सांगितलं होतं की...”

“साहेबाचं नाव नका घेऊ!” तिचा आवाज चढला तशी शेजारच्या पलंगावरची बाई उठून बसली. “कोण साहेब? मी काय त्याला वळखते? त्याच्या बोलण्यावर मी हात घातला नव्हता. तुमच्या बोलण्यावर घातला. मला काय कळत होतं करंटमधलं? अडाणी होते तवा भिऊन तरी काम करत होते. पाय उचलून, अंग चोरून. तुमी शिकवलं म्हणून भ्याले नाय मी.”

“बाई, हळू,” लक्ष्मीबाई म्हणाली.

“का हळू? तिथं नोटीस लावलीय म्हणं, माझी चूक हाय म्हणून. तुमी वाचली?”

“वाचली.”

“आन् गप बसले.”

काकासाहेब एक पाऊल पुढं झाले.

“जावा आता,” तिनं तोंड भिंतीकडं फिरवलं. “शिकवायला नका येत जाऊ कुणाला.”

स्कूटरवरून गारखेड्याला परतताना क्रांती चौकातला सिग्नल हिरवा झाला, मागच्यांनी हॉर्न वाजवले, तरी ते हलले नाहीत. एक रिक्षावाला बाजूनं जाताना “ओ चाचा, सो गये क्या?” असं ओरडला. काकासाहेबांनी त्याला अशी शिवी हासडली, की ती स्वतःच्याच तोंडून आली यावर त्यांचा विश्वास बसेना.

घरी रत्नमालानं ताट वाढलं. त्यांनी ते बाजूला सारलं आणि बायकोला सगळं सांगितलं. ती उभ्यानंच ऐकत होती.

“सात आठवडे माझ्याजवळसुद्धा बोलला नाहीत,” ती म्हणाली.

“काय बोलू? रोज वाटायचं उद्या स्विच येईल.”

“उद्या तपासणीला कोण येणारंय?”

“सरकारी इन्स्पेक्टर. साहेब म्हणायलेत, फक्त मशीन दाखवायची. कुणी जास्त बोलायचं नाय.”

“आणि तुम्ही बोललात तर?”

“नोकरी जाईल. दोन वर्षं राहिलीत.”

रत्नमालानं ताट उचललं. स्वयंपाकघराच्या दारात ती थांबली आणि मागं न बघता म्हणाली, “त्या पोरीच्या हातची चटणी आणली होती तुम्ही एकदा. मी म्हणाले होते, मीठ जास्त आहे.” मग आत जाऊन तिनं भांडी इतक्या जोरात घासायला घेतली, की शेजारीण दारात येऊन काय झालं म्हणून विचारून गेली.

शुक्रवारी सकाळी आठला ऋतुराजनं काकासाहेबांना केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर एक लहान पांढरं खोकं होतं. त्यानं ते पुढं सरकवलं.

“घ्या काका, स्विच आला. इन्स्पेक्टर अकराला येतायत. त्याच्या आत हा लावून टाका आणि ती वायर काढा.”

काकासाहेबांनी खोकं उघडलं. स्विच, त्याच मापाचा, त्याच बनावटीचा. मूठभर वस्तू.

“कधी आला?”

“काल मागवला, आज आला. का?”

“काल मागवला,” काकासाहेब म्हणाले. “आज आला.”

“हो.”

“सात आठवडे!” हा आवाज आपला आहे हे त्यांना क्षणभर कळलंच नाही. “तीन चिठ्ठ्या दिल्या मी. तुमच्या ह्या दारात उभा राहिलो. एका दिवसात येत होता त्यो, साहेब! एका दिवसात! त्या बाईची तीन बोटं गेली आन् तवा तुम्ही फोन उचलला!”

“आवाज खाली ठेवा.”

“नाय ठेवत.”

ऋतुराजनं उठून केबिनचं दार लावलं. परत बसला तेव्हा त्याच्या तोंडी काका हा शब्द राहिला नव्हता. “हे बघा शेजूळ. शांतपणे विचार करा. वायर कुणी टाकली? तुम्ही. लेखी ऑर्डर आहे? नाही. चिठ्ठ्या म्हणताय, कुठल्या चिठ्ठ्या? स्टोअरला एकही सापडत नाही. उद्या विषय निघाला तर कुणाचं नाव येईल? मी तुम्हाला वाचवतोय इथं.”

“जबाबदारी माझी, म्हणाला होता तुम्ही.”

“कोण होतं तिथं ऐकायला?”

काकासाहेबांनी खोकं बंद केलं आणि टेबलाच्या बरोबर मधोमध ठेवलं. मग ते बाहेर आले, प्रेसशॉपमध्ये गेले, कोपऱ्यातलं लोखंडी स्टूल ओढत आणलं आणि सहा नंबरच्या पॅनेलला पाठ लावून बसले. पॅनेलची किल्ली त्यांच्या खिशात होती.

पाच मिनिटांनी ऋतुराज आला. मागं सुपरवायझर.

“बाजूला व्हा.”

“नाय.”

“शेजूळ, मी सिक्युरिटीला बोलावतो.”

“बोलवा. दुसरी किल्ली तुमच्या ड्रॉवरमध्ये हाय. मला उचलून टाका, पॅनेल उघडा आन् वायर तुम्ही काढा. स्वतःच्या हातानं. कुठला स्क्रू, ते माहीत हाय ना?” काकासाहेबांनी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. “नसलं तर सांगतो. पण इथं समद्यांच्या देखत काढा.”

पाच नंबरच्या बाईनं पेडलवरचा पाय काढला. तिची प्रेस थांबली. मग सातची थांबली. बाकीच्या चालूच होत्या. त्यांवरच्या बायका मान वर करत नव्हत्या, पण त्यांचंही लक्ष इकडंच होतं. ऋतुराज फोन कानाला लावून निघून गेला. सिक्युरिटीवाले दोघं आले, काकासाहेबांना बघून घोटाळले आणि दहा पावलांवर उभे राहिले. त्यातल्या एकाच्या घरचा पंखा काकासाहेबांनीच दुरुस्त करून दिला होता.

अकराऐवजी पावणेबाराला इन्स्पेक्टर आल्या. नीरजा असं त्यांचं नाव, चाळिशीच्या, खांद्याला मोठी बॅग. ऋतुराज त्यांना नकाशा, प्रशिक्षणाच्या सह्या, नियमांचा फलक असं दाखवत दाखवत घेऊन आला. सहा नंबरपाशी येताच काकासाहेब उठले.

“मॅडम, माझं ऐकून घ्या. मी इलेक्ट्रिशियन हाय इथला.”

“शेजूळ, तुम्हाला विचारलं की बोला,” ऋतुराज म्हणाला.

“मी विचारते आहे,” नीरजा म्हणाल्या. “बोला.”

काकासाहेबांनी पॅनेल उघडलं, मशीनचा फक्त कंट्रोलचा पुरवठा चालू केला, मोटर बंदच ठेवली. मग गार्ड हातानं वर केला आणि मीटरच्या पिना गार्डच्या स्विचवर टेकवल्या.

“काय दिसतंय, मॅडम?”

“शून्य.”

“गार्ड उघडा हाय. म्हणजे स्विच तुटलेला पाहिजे. ओळीत एक जागा तुटली की करंट थांबतो आन् समदा जोर त्या तुटलेल्या जागेवर येऊन उभा राहतो. इथं चोवीस दिसायला पाहिजेत. शून्य का दिसायलेत?”

नीरजा खाली वाकल्या. काकासाहेबांनी बोटानं लाल वायर दाखवली, तिचा एक स्क्रू सैल केला आणि टोक बाहेर ओढलं. आत रिले टक् करून सुटला. मीटरवर आकडा आला : चोवीस.

“आता मेली मशीन. त्या दिवशी अशी मेलेली असती तर त्या बाईचा हात शाबूत राहिला असता.”

“ही वायर कुणी टाकली?”

“मी,” काकासाहेब म्हणाले. “ह्या हातानं. ह्या साहेबांच्या सांगण्यावरून. आणि त्या बाईला मीच सांगितलं होतं, की गार्ड उघडा असला की भ्यायचं नाय. वायर टाकल्यावर तिला सांगितलं नाय. ते पण लिहा.”

“खोटं बोलतायत हे. असं काही...” ऋतुराज सुरू झाला.

नीरजांनी हात वर करून त्याला थांबवलं. त्या काकासाहेबांकडं वळल्या. “हे मी लिहिलं तर तुमच्यावरही कारवाई होईल. माहीत आहे ना?”

“होऊ द्या. पण एकट्या माझ्यावर करून मोकळे होऊ नका. तीन चिठ्ठ्या दिल्यात मी. स्टोअरवाल्याला शपथ घालून विचारा. आन् तो स्विच बघा साहेबांच्या टेबलावर. काल मागवला, आज आला, असं स्वतः म्हणालेत. सात आठवडे का नाय आला, ते त्यांना विचारा. मी विचारून थकलो.”

नीरजांनी पेनाचं टोपण काढलं. त्या उभ्या उभ्याच लिहू लागल्या. मग उरलेली सातही पॅनेल उघडायला सांगितली. दोन नंबरच्या आणि आठ नंबरच्या प्रेसमध्ये तशाच वायरी निघाल्या. त्या काकासाहेबांनी टाकलेल्या नव्हत्या, आणि कुणी टाकल्या हे कुणाला सांगता येईना. आठ नंबरची बाई आपल्याच मशीनकडं अशी बघत होती, जणू तिथं नाग निघाला होता.

सोमवारी काकासाहेबांच्या हाती निलंबनाचं पत्र पडलं. सुरक्षा यंत्रणेत विनापरवाना फेरफार. स्टोअरवाल्यानं पुढं जबाबात सांगितलं, की चिठ्ठ्या आल्या होत्या आणि वर पाठवल्या होत्या. खटला उभा राहिला, कंपनीवर, मॅनेजरवर आणि काकासाहेबांवरही. तारखा पडू लागल्या. ऋतुराजची बदली कंपनीच्या दुसऱ्या प्लांटला झाली. पद तेच. ही बातमी कळली त्या दिवशी काकासाहेब गल्लीतल्या कुणाचा तरी मिक्सर दुरुस्त करत बसले होते. त्यांनी हातातला स्क्रूड्रायव्हर भिंतीवर फेकून मारला. प्लास्टरचा टवका उडाला. रत्नमालानं टवके झाडून घेतले.

सत्यभामाच्या घरी ते दोनदा गेले. दोन्ही वेळा लक्ष्मीबाईंनी दारातूनच सांगितलं की ती घरी नाही. दोन्ही वेळा तिच्या चपला उंबऱ्याशी होत्या.

चार महिन्यांनी सत्यभामाचा भरपाईचा दावा बघणाऱ्या वकिलाच्या उस्मानपुऱ्यातल्या ऑफिसात दोघांनाही बोलावणं आलं. तिचा सविस्तर जबाब तयार झाला होता आणि साक्षीदार म्हणून खाली काकासाहेबांची सही हवी होती. ती आधीच येऊन बसली होती. उजवा हात पदराखाली. त्यांना बघून तिनं मान हलवली नाही की फिरवलीही नाही.

वकिलाच्या कारकुनानं सगळा जबाब मोठ्यानं वाचून दाखवला. सात पानं. मधे एका जागी तिनं त्याला थांबवलं.

“‘मला वाटले की मशीन बंद आहे’ असं लिव्हलंय तुमी. वाटलं नव्हतं. मला सांगितलं होतं. तसं लिव्हा.”

कारकुनानं काकासाहेबांकडं बघितलं.

“ती म्हणायलीय तसंच लिहा,” काकासाहेब म्हणाले.

ओळ दुरुस्त झाली, पान पुन्हा छापून आलं. कारकुनानं शाईचा पॅड उघडून तिच्यापुढं सरकवला. “बाई, अंगठा लावा इथं. सही अवघड जाईल तुम्हाला. पटकन होऊन जाईल.”

“मी नववी शिकल्याली हाय,” सत्यभामा म्हणाली. “पेन द्या.”

तिनं पेन डाव्या हातात घेतलं. टेबलाला काच होती. पेन टेकवताच कागद सरकला. तिनं परत टेकवलं, परत सरकला. वरून पंखा पानाचं टोक उचलत होता. काकासाहेबांचा हात आपोआप पुढं गेला आणि त्यांनी कागदाची कड दाबून धरली.

“हात काढा,” ती म्हणाली.

त्यांनी हात मागं घेतला.

सत्यभामानं पदराखालून उजवा हात बाहेर काढला. जिथं बोटं होती तिथली कातडी अजून गुलाबी आणि ओढलेली होती. तो हात तिनं कागदावर ठेवला आणि दाबला. तिचे ओठ घट्ट मिटले. मग ती लिहू लागली. सत्य नीट आलं. भा काढताना रेघ घसरली आणि तो मा सारखा दिसू लागला. तिनं खोडलं नाही, पुढं गेली. कारकुनानं घड्याळ बघितलं. मागं दारात दोन माणसं येऊन उभी राहिली. तिनं मान वर केली नाही. आडनावाशी आली, वाकळे लिहिलं, पेन उचलून नाव एकवार वाचलं. शेवटची मात्रा राहिली होती. तिनं पेन परत टेकवलं, मात्रा दिली, आणि मगच कागदावरचा हात उचलला.